झाकलेलं बगदाद

आमच्या सईने आणि तिच्या मैत्रिणीने, लुबनाने, सातवीत मिळून एक प्रोजेक्ट केला होता: मध्ययुगातला युरोप पुन्हा कसा उभा राहिला. तीन घड्यांचा मोठा बोर्ड. डावीकडे आपले आकडे आणि शून्य, मध्ये ते आकडे शिकून पुढे नेणारं बगदाद, उजवीकडे स्पेनमधलं टोलेडो, जिथे अरबी ग्रंथांची लॅटिनमध्ये भाषांतरं झाली. मधला भाग लुबनाचा. तिचे आईवडील बगदादचेच. गेल्या सप्टेंबरात ते टॉवर पडले आणि अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये लुबनाकडे खेळायला जाणारी एकटी सई उरली. म्हणून मला त्या बोर्डाचं भारी अप्रूप.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत 'भारताने जगाला काय दिलं' असं मुलांचं प्रदर्शन होतं. सईने बोर्ड दिला आणि लुबनाला बोलावलंही. हॉलमध्ये शिरले आणि माझं टाळकंच सटकलं! मधल्या भागावर सोनेरी कागद आणि त्यावर बाप्पाचा भलामोठा फोटो, चारी बाजूंनी ग्लूने डकवलेला. लुबनाचं नावही त्याच्याखाली गेलेलं.

"गुरुनाथकाका, हे कुणी केलं?"

"मीच," आमचे अध्यक्ष म्हणाले. "अगं आसावरी, सध्या दिवस कसले आहेत? अरबांचं कौतुक आपण कशाला करायचं? शून्य आपलं, विषय संपला."

"आणि ते युरोपात गेलं कसं? उडत?"

सई फोटोची कड नखाने सोडवायला लागली.

"बाप्पाला ओरबाडतेस? लाज नाही वाटत?" काका असे ओरडले की सगळा हॉल वळला. झालं! आता मी तो फोटो काढला असता तर मीच धर्मबुडवी. वा रे अक्कल! माझा नवरा विनय माझा दंड धरून पुटपुटला, "सीन नको यार. याच लोकांत राहायचंय."

लुबना कधी येऊन मागे उभी राहिली, कळलंच नाही. तिने सईचा हात हळूच बाजूला केला. "लीव्ह इट, सई. ते तुझ्यावरच चिडतील," ती इंग्रजीत म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आरतीनंतर काकांनी माइकवर पहिलं बक्षीस जाहीर केलं, एकट्या सईच्या नावाने. सई जागची हलली नाही. शेवटी विनय उठला, स्टेजवर गेला आणि हसत हसत ढाल घेऊन आला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात लुबना वाजवत होती. आपण वाजवतोय हे लोकांना दिसतंय ना, ते बघत.