माझ्या पोटातल्या कोबाल्टचा अंक

मी एक क्षार बोलतोय. खायच्या मिठाचा लांबचा भाऊ, पण रंगानं नारिंगी आणि अंगानं विषारी. बघा हवं तेवढं, जिभेला मात्र लावू नका.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत घडवलं. गुलाबी कोबाल्ट क्लोराइडात त्यांनी अमोनिया घातला, पेरॉक्साइड थेंब थेंब सोडलं, गाळलं, बर्फात गार केलं, आणि तळाशी मी स्फटिक होऊन बसलो. मग काचेच्या नळीत भरून त्यांनी मला बूच लावलं.

वर्गात मला उंच धरून त्या विचारायच्या, याच्या पोटातल्या कोबाल्टचा ऑक्सिडेशन अंक, म्हणजे त्याच्या वाट्याचा विद्युतभार, किती? मुलांची उत्तरं जितकी तोंडं तितकी. बाई हसून फळ्याकडे वळायच्या आणि मी पेटीत जायचो. त्यामुळे माझाच आकडा मला कधी कळला नाही. केवढी चुटपुट!

निवृत्तीनंतर बाईंनी मला घरी आणून कपाटात ठेवलं. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. सराव केला तर बोलणं परत येईल, असं डॉक्टर म्हणत होते. पण बाईंनी प्रयत्नच सोडला. चहा हवा का विचारलं तर नुसती मान हलवायच्या.

त्यांची सून लग्नात सुटलेलं बी.एस्सी. पुन्हा द्यायला बसली होती. एका संध्याकाळी तिला गणितात मीच भेटलो. तिनं मला कपाटातून काढून बाई बसल्या होत्या त्या टेबलावर ठेवलं आणि स्वतःशीच मोठ्यानं मांडायला लागली. कंसात कोबाल्ट आणि सहा अमोनिया, बाहेर तीन क्लोराइड. क्लोराइडचे उणे तीन. अमोनियाचे एकेक धरून अधिक सहा. म्हणजे कोबाल्ट उणे तीन.

बाईंनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली.

"चुकलं का, आई? मग अमोनियाचं किती धरू?"

बाईंनी बोटानं हवेत गोल काढला. सुनेची नजर पुस्तकात. दुसऱ्यांदा काढला, तरी तिचं लक्ष नाही. शेवटी बाईंचे ओठ थरथरले.

"शू...न्य."

सुनेचं पेन थांबलं. डोळे भरून आले, पण तिनं पुढचाच प्रश्न विचारला.

"शून्य का, आई?"

शब्द सापडायला वेळ लागला. "अख्खा... रेणू. भार... नाही."

"मग सगळ्यांची बेरीज शून्य यायची, तर क्लोराइडचे उणे तीन मिटवायला कोबाल्ट..."

"अधिक तीन," दोघी म्हणाल्या. सून आधी, बाई मागून.

असा मला माझा आकडा कळला. गुलाबी असताना कोबाल्ट अधिक दोन होता म्हणे. पेरॉक्साइडनं त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला.

हल्ली मी टेबलावरच असतो. सून रोज काही ना काही चुकते, कधी मुद्दामही चुकत असावी. बाई अडखळत तिला दुरुस्त करतात, एकदा तर चक्क रागावल्या.

तुमच्याही घरात कुणी गप्प झालं असेल, तर चहाचं विचारू नका. त्यांना येतं असं काहीतरी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत समोर बसून राहा.