डावा तळपाय

अर्धांगवायूच्या झटक्यातून वडिलांचा हात सावरला पण डावा पाय गेला, तेव्हा डॉक्टरांनी मुलीला एक खूण दाखवली होती. किल्लीचं टोक तळपायावरून टाचेकडून बोटांकडे ओढलं की धडधाकट माणसाचा अंगठा खाली मुडपतो. वडिलांचा मात्र वर वळला होता. मेंदूपासून मज्जारज्जूतून येणारी वाटच बिघडली होती.

त्याला तीन वर्षं झाली. नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र दोनदा आलं, दोनदा तिनं नकार कळवला. त्यांची अंघोळ, कपडे, उचलून बसवणं, यात तिच्या पाठीचा पार खुळखुळा झाला. "पोरगी नसती तर माझं काय झालं असतं!" असं म्हणून ते डोळे पुसायचे आणि हिचा जीव तुटायचा.

यंदा तिसरं पत्र आलं. जायचं नव्हतंच, पण हौसेनं पुस्तक आणलं होतं. दुपारी मज्जासंस्थेचा धडा वाचताना तिला ती खूण आठवली. वडील झोपले होते. तिनं कपाटाची किल्ली घेतली आणि डाव्या तळपायावरून ओढली.

अंगठा खाली मुडपला.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा ओढली. या वेळी अख्खा पाय झटकन पोटाशी गेला आणि वडील जागे झाले.

दोघं त्या पायाकडे बघत राहिली. मग वडिलांनी दोन्ही हातांनी, ओझं उचलावं तसा, तो पाय सरळ करून ठेवला आणि कण्हत म्हणाले, "बाळा, जरा दाबून देतेस का? आज फारच जड झालाय गं."