मोठं न होण्याची तयारी

आमच्या नातीने रंगीत खडूंची आपली पेटी मला देऊन टाकली, तेव्हा मी फार खूश झालो. निवृत्तीनंतर कुणी मला आपण होऊन काही दिल्याचा तो पहिलाच प्रसंग. दुसऱ्या दिवशी तिने तीनचाकी सायकल शेजारच्या मुलीच्या दारात नेऊन उभी केली. लोकरीची टोपी दूधवाल्याला दिली. ती त्याच्या मुठीलाही बसेना, तरी त्याने मान राखून ठेवून घेतली.

नातीला आम्ही बटण म्हणतो, कारण दिसेल ते बटण दाबल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. जन्मापासून बहिरी आहे. कानाला यंत्र लावलं तरी फार तर ट्रकचा हॉर्न कळतो. म्हणून आम्ही सगळेच खुणांची भाषा शिकतोय. सूनबाईंचे हात झरझर चालतात, मुलाचे बरे, माझे अजून तोतरे.

"बघितलंत? याला संस्कार म्हणतात," बायको म्हणाली.

"कुणाचे?"

"तुमचे तर नक्कीच नाहीत."

तेवढ्यात शाळेतून निरोप आला, घरच्या सगळ्यांनी या. बायकोने ठेवणीतले कपडे काढले. तिला वाटलं, नातीचा सत्कार आहे.

वर्गात बटणसकट आम्हा सगळ्यांना मुलांच्या खुर्च्यांवर बसवलं. माझे गुडघे हनुवटीला टेकले. बाईंचा सगळा जन्म बहिऱ्या मुलांना भाषा शिकवण्यात गेलेला. शांत बाई. त्या दिवशी मात्र त्या टेबलभर डस्टर शोधत होत्या, आणि तो त्यांच्या हातातच होता.

"या आठवड्यात 'मोठं झाल्यावर' हा विषय घेतलाय," त्या म्हणाल्या. "मोठं झाल्यावर कोण होणार, ते चित्र दाखवून सांगायचं. एक ड्रायव्हर झाला, दोन डॉक्टर झाल्या. एकाला वाघ व्हायचंय, ते चालतं. बटणने चित्रच घेतलं नाही. म्हणाली, मी मोठी होणार नाही."

"हट्टी आहे जरा," मुलगा म्हणाला.

"हट्ट नव्हता तो. का, विचारलं, तर म्हणाली, बहिरी माणसं मोठी होत नाहीत. लहान असतानाच मरतात."

मुलगा हसला. श्वास अडकला की तो असाच हसतो. बायकोने कारण नसताना पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मला खडूंची पेटी आठवली. पोरगी निरवानिरव करत होती.

सूनबाई बटणपुढे गुडघ्यांवर बसल्या. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मी बघितलं," बटणचे छोटे हात म्हणाले. "तू ऐकतेस. बाबा ऐकतो. आजी ऐकते." मग माझ्याकडे बघून जरा विचार केला. "आजोबा थोडं ऐकतात. बाई, डॉक्टर, दूधवाला, सगळी मोठी माणसं ऐकतात. बहिरे फक्त छोटे आहेत."

"अगं, वरच्या वर्गातला तो उंच दादा?" सूनबाईंनी विचारलं.

"त्याला केक दिला. सगळ्यांनी टाटा केला. बाई रडल्या. मग तो कधीच आला नाही."

चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही. मठ्ठ विद्यार्थ्यांना सोपं गणित समजवावं, तसं सांगत होती.

"अहो, तो छापखान्यात लागला," बाई पुटपुटल्या. "लग्न ठरलंय त्याचं."

वकिलीत लोकांच्या बोलण्यातली भोकं शोधून मी उभा जन्म पोट भरलं. या बोलण्यात एकही सापडेना. ओळखीतलं एखादं मोठं बहिरं माणूस तिला दाखवावं, म्हणून आम्ही नातेवाईक, शेजारी, मुलाचं ऑफिस, सगळं आठवून पाहिलं. एकही निघालं नाही. सूनबाई हातांनी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, तू मोठी होणार, खूप मोठी होणार. बटणने त्यांच्या गालावर थोपटलं. समजूत काढत होती आईची.

बाईंनी मोबाइलवर कुणाला तरी मेसेज टाकला. थोड्या वेळाने एक जाडगेलीशी बाई आली. कामावरून तशीच निघालेली, अंगात अ‍ॅप्रन, बाह्यांवर काचेची पांढरी भुकटी. चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आमच्या बाईंची जुनी विद्यार्थिनी.

"मी बहिरी," तिने बटणला खुणेने सांगितलं.

बटणचा विश्वास बसला नाही. ती तिच्या पाठीमागे गेली, खाऊची स्टीलची ताटली उचलली आणि डस्टरच्या लाकडी पाठीने दणकन वाजवली. डॉक्टरांनी तिला तपासलं होतं, अगदी तसंच. आम्ही सगळे दचकलो. पाहुणी निवांतपणे पिशवी आवरत होती. दुसऱ्या कानाशी दणका झाला. पाहुणीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

बटण समोर येऊन तोंड उघडं टाकून बघत राहिली. "तू मोठी कशी झालीस?"

पाहुणीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी झाला प्रकार खुणांनी सांगितला. तिलाही धक्का बसेल, असं आम्हाला वाटलं. तिने नुसती मान हलवली.

"मलाही असंच वाटायचं."

"तुला?" बाईंचे हात हवेतच राहिले. "माझ्या वर्गात असताना?"

"वर्गातल्या बऱ्याच जणांना वाटायचं."

"मग समजावलं कुणी?"

"कुणी नाही. वाट बघितली. मेले नाही. नोकरी लागली."

बाई खाली बसल्या. बसायला खुर्ची आहे की नाही, हेही त्यांनी पाहिलं नाही. सुदैवाने होती.

बटणला आमच्या धक्क्यांत रस नव्हता. ती पाहुणीची बाही ओढत होती. "तुझ्याहून मोठं कुणी आहे?"

"माझी सासू. बहिरी. खूप म्हातारी. तोंडात दात नाहीत."

"एकही नाही?"

"एकही नाही."

बटणने ते दोनदा सांगायला लावलं. मग माझ्याकडे वळून, तोतऱ्या माणसाला कळावं इतक्या सावकाश हात हलवत म्हणाली, "आत्ता जायचं. बघायला."

पाहुणीने पिशवी खांद्याला लावली. बाई उठल्या, त्यांनी अंगणात खेळणारा आख्खा वर्ग गोळा केला, दोन-दोनच्या जोड्या लावल्या, आणि आम्ही सगळे ती म्हातारी बघायला निघालो.