कूस बदलताना

"नव्याण्णव ठेवू," सून म्हणाली. "आई, स्वस्त दिसलं की लोक पटकन घेतात."

"घेतात. पण बघतात का?" सिस्टरांनी विचारलं.

पलंग अजून भिंतीपासून ओढलेलाच होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी कसं सांभाळायचं, याचे धडे सुनेने त्याच पलंगापाशी चित्रित केले होते. सिस्टरांची उभी हयात सरकारी इस्पितळात गेली होती. निवृत्त झाल्या तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणे. कोर्स तयार होता, घोडं अडलं होतं किमतीपाशी.

सुनेने पर्याय काढून ठेवले होते. आधी नाममात्र ठेवून मग वाढवायची, नाहीतर एक साधा कोर्स आणि एक शंका विचारता येणारा महागडा, नाहीतर सगळंच फुकट आणि मधे जाहिराती.

"फुकट तर नकोच. वॉर्डात आम्ही पत्रकं वाटायचो. पेशंट घरी निघाला की ती जिन्यात पडलेली दिसायची."

"मग किती?"

"घरी नर्स बोलावली तर दिवसाचे जेवढे होतात तेवढे. सगळ्यांना एकच."

"एवढे कोण देणार, आई?"

"ज्याच्या घरी माणूस पडून आहे तो देईल. बाकीच्यांना घेऊन करायचंय काय?"

सुनेला पटलं नाही, पण तिने तोच आकडा टाकला. नंतर रोज सकाळी ती लॅपटॉप उघडून विक्री बघायची आणि काही न बोलता मिटायची. ते न बोलणं सिस्टरांना बरोबर ऐकू यायचं.

त्याच सुमारास दादाला, त्यांच्या थोरल्या भावाला, अर्धांगवायू झाला. इस्पितळातून घरी आणल्यावर वहिनीचा फोन आला.

"अगं, तुझा तो कोर्स पाठव ना. पोरानं लावून बघितला तर पैसे मागतंय."

"हो वहिनी, पैसे आहेत त्याला."

"घरच्यांनासुद्धा?"

माहेरच्या प्रत्येक आजारपणात इंजेक्शनं, ड्रेसिंग, रात्रीची जागरणं त्यांच्याच वाट्याला आली होती, 'तू काय, घरचीच' एवढ्यावर. लोकांची घाण काढायची नोकरी, असं वहिनीच एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली होती.

"रविवारी मी येते," त्या म्हणाल्या. "दादाला पुसून काढते, चादरी बदलते. त्याचं मला काही नको. कोर्स मात्र विकत घ्या."

"असं का गं?"

"बाकीचे दिवस मी नसणार म्हणून."

वहिनीने फोन आपटल्याचा आवाज सुनेलाही ऐकू आला. "त्यांना निदान एखादं कूपन तरी द्यायचं," ती म्हणाली.

संध्याकाळी पैसे जमा झाले. मुलाच्या नावाने नाही, वहिनीच्या.

दर रविवारी सिस्टर जात राहिल्या. वहिनी चहा पुढे करायची, बोलायची बेतानेच. चादर मात्र एकही सुरकुती नसलेली, ताणून घातलेली असायची, आणि दादाला तिने आधीच पुसून ठेवलेलं असायचं. घरी सून एकदा स्क्रीनकडे बघत म्हणाली, "कूस बदलायचा धडा मामींनी किती वेळा लावलाय! अजून जमत नसेल का?"

"दादा जड आहे," सिस्टर म्हणाल्या.

थंडी सरता सरता एका पहाटे दादा गेला. सिस्टर पोहोचल्या तेव्हा पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसली होती. आत वहिनी एकटीच होती. तिने बादली भरून ठेवली होती, फडकी काढली होती.

"तू पाठ पूस. मी धरते," ती म्हणाली.

तिने दादाचा पलीकडचा गुडघा दुमडला, एक हात खांद्यावर ठेवला, एक कमरेवर, आणि त्याला सावकाश आपल्याकडे वळवलं. एवढा थोराड माणूस, पण हिसका बसला नाही.

सिस्टरांनी सदरा वर केला. इतके महिने अंथरुणाला टेकलेली पाठ कशी असते, ते त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं. त्यांनी खांद्यांपासून माकडहाडापर्यंत तळहात फिरवला, मग टाचा पाहिल्या. कुठे जखम नव्हती, साधा लाल डागही नव्हता.

"काहीच नाही, वहिनी," त्या म्हणाल्या.

"नसणारच." वहिनीने मान वळवली नाही. तिचे हात दादाला धरून होते. "पाणी बघ गं, गार झालं असेल."

सिस्टरांनी बादलीत हात घातला.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या, आणि फडकं पिळलं.