अठरावं चित्र

आमच्याकडे एक पुस्तक होतं, आणि त्यातलं एक अक्षरही आमच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हतं. भाषा परकी, छपाई दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, कागद बोटाला कापडासारखा लागणारा. विषय यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोली कशी दाखवायची: लांब जाणारा रस्ता, आत आत जाणारे खांब, लहान होत जाणाऱ्या फरश्या. मजकूर कळत नसला तरी चित्रं आम्हाला पाठ होती. बाबा नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यांच्यानंतर दादा आणि मी. दोन पिढ्यांचं पोट त्या चित्रांवर चाललं.

पुस्तकात सतराव्या चित्रानंतर एकदम एकोणिसावं यायचं. बाबा असेपर्यंत पुस्तक कुलपात असे. ते गेल्यावर पुस्तक आधी दादाच्या हातात आलं, मग माझ्या. दादा म्हणाला, छापणाऱ्याची चूक. मी तो किस्सा तीस वर्षं लोकांना रंगवून सांगितला, की जगाला अंतर मोजायला शिकवणाऱ्या या शहाण्याला साधे आकडे मोजता येत नव्हते. लोक हसायचे, मीही हसायचे.

या महिन्याअखेर दादा निवृत्त होणार होता. नाट्यगृहाच्या मॅनेजरनी त्याची जागा आधी मला देऊ केली. मुख्य चित्रकाराची, म्हणजे पडद्याची आखणी करणाऱ्याची, ज्याचं नाव जाहिरातीत छापतात त्याची. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. जागा मला हवी होती. इतकी हवी होती की त्या आठवड्यात मी दोनदा दूध उतू घालवलं. पण आखणीतलं एक काम मला येत नव्हतं, आणि ते येत नसेल तर बाकीचं येऊन काही उपयोग नाही.

फरशीच्या आत जाणाऱ्या रेघा समोरच्या एका बिंदूत मिळतात, हे पुस्तकाच्या पहिल्याच चित्रात आहे. तेवढं मला झोपेतही जमेल. पण पहिल्या ओळीनंतर दुसरी किती अरुंद, दुसरीनंतर तिसरी किती, हे ठरवायचं कसं? ते दादा ठरवायचा. कागदाची लांब पट्टी घेऊन आतल्या खोलीत जायचा, दार लोटून घ्यायचा आणि दहा मिनिटांनी पट्टीवर लाल खुणा करून बाहेर यायचा. मी विचारलं की म्हणायचा, "याला नजर लागते गं. शिकवून येणारी गोष्ट नाही ही."

माझ्याकडे ती नजर नाही, हे तर सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. मी सव्वीस वर्षांची असताना दादा तापानं पडला आणि राजवाड्याच्या अंगणाचा पडदा माझ्या गळ्यात आला. मी डोळ्यांवर विसंबून फरशी आखली. पडद्याच्या कडेला चार बोटं कोरी सोडतात, तिथे काळ्या पेन्सिलीनं ओळींच्या खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी दादा उठून आला, लांब उभा राहिला, मान हलवली आणि माझ्या प्रत्येक खुणेशेजारी त्याची लाल खूण केली. कुठे दोन बोटं वर, कुठे तीन. मी निमूटपणे त्याच्या खुणांवर रंगवलं. पहिल्याच प्रयोगाला अंगणाची घसरगुंडी झाली. नटसुद्धा हसले. दादा माझ्यादेखत तेव्हाच्या मॅनेजरना म्हणाला, "पायाच हिनं चुकीचा घातला होता, साहेब. मी सावरायचं तेवढं सावरलं." मी मान खाली घालून माफी मागितली. त्यानंतर पंचवीस वर्षं आखणीच्या पेन्सिलीला मी हात लावला नाही.

म्हणून नव्या जागेचं कळल्यावर मी आधी दादालाच विचारलं. तो म्हणाला, "तुझं हसं होऊ नये एवढंच मला वाटतं. नाही म्हण आणि मोकळी हो." माझ्या भावाला माझी किती काळजी, असं वाटून मला भरून आलं. त्याच भरात ठरवलं की निरोपाची भेट म्हणून पुस्तकाची नवी बांधणी करून द्यायची. बुधवारी ते रंगखोलीच्या कपाटातून गुपचूप उचललं आणि बाइंडरकडे दिलं.

बाइंडर सत्तरीचा, मितभाषी माणूस. गुरुवारी सकाळी त्यांचा निरोप आला, येऊन जा. गेले तर पुस्तकाचा जुना दोरा उसवून त्यांनी पानांच्या घड्या ओळीनं टेबलावर मांडल्या होत्या.

"ताई, यातलं एक पान कापलेलं आहे."

"ती छापणाऱ्याची चूक आहे," मी म्हटलं आणि माझा किस्सा सुरू केला.

ते हसले नाहीत. सतराव्या आणि एकोणिसाव्या चित्रांच्या मध्ये, शिवणीत दडलेली नखाएवढी पट्टी त्यांनी चिमट्यानं उचलून दाखवली. "छापणारा ब्लेड घेऊन चूक करत नाही. आणि हे काही जुनं कापणं नाही. ही कड बघा, बाकीच्या कागदापेक्षा किती पांढरी आहे. तीसेक वर्षांपलीकडची नसेल."

मग त्यांनी समोरच्या पानावरच्या तपकिरी डागावर दिवा तिरपा धरला. तो डाग मी ओलीचा समजत आले होते. "ओल नाही ही. पान पानाला वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की शाई पलीकडे आपली छाप सोडते. उलटी पडते एवढंच." त्यांनी टेबलाच्या खणातून दाढीचा आरसा काढून शेजारी उभा केला.

आरशात अठरावं चित्र दिसलं. एक फरशी, तिच्या आत जाणाऱ्या रेघा, त्या मिळतात तो बिंदू. आणि त्याच उंचीवर, बाजूला लांब, आणखी एक बिंदू. फरशीच्या कोपऱ्यातून त्या दुसऱ्या बिंदूकडे एक तिरकी रेघ गेली होती. ती रेघ वाटेतल्या रेघांना जिथे जिथे छेदते, तिथे तिथे पुढची आडवी ओळ. बस, एवढंच. कसली नजर आणि कसलं काय. शाळेतली पोर पाच मिनिटांत शिकेल.

मी मनातल्या मनात दादाला वाचवायचा प्रयत्न केला, हे कबूल करते. कुणी जुन्या मालकानं कापलं असेल, म्हटलं. पण कड पांढरी होती, आणि दार लोटून दहा मिनिटं तो काय करत बसायचा ते आता मला कळत होतं.  बाइंडरनी न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

तिथून मी थेट नाट्यगृहाच्या गोदामात गेले. आमच्याकडे पडदे टाकून देत नाहीत. दोन हमालांना सांगून अंगणाचा पडदा खाली काढला आणि रंगखोलीत अंथरला. कडेच्या कोऱ्या पट्टीवर सगळं जसंच्या तसं होतं, माझ्या काळ्या खुणा आणि शेजारी दादाच्या लाल. फरशी बरोबर आखली असेल तर तिच्या कोपऱ्या-कोपऱ्यांतून जाणारी तिरकी रेघ सरळ जाते, हे चित्रातून समजलंच होतं. दादाच्या ओळींवर मी दोरी ताणली. पहिले दोन कोपरे दोरीवर आले, पुढचे सगळे तिला सोडून भलतीकडेच गेले. मग माझ्या काळ्या खुणांवर लांब फळी ठेवत गेले, ती आत जाणाऱ्या रेघांना जिथे छेदेल तिथे खडूचा ठिपका दिला आणि पुन्हा दोरी ताणली. सातच्या सात ठिपके दोरीखाली गेले.

मी बरोबर होते. सव्वीस वर्षांची असताना, पुस्तकातलं ते पान न बघता, मी बरोबर होते. आणि ते पान ज्याच्याकडे होतं त्याला तेव्हाच दिसलं होतं की मी बरोबर आहे. स्वतःचा पडदा बिघडवून घेतला त्यानं, पण मला कळू दिलं नाही. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. हमाल बिचारे बाहेर जाऊन उभे राहिले.

डोळे पुसले आणि खडूनं माखलेल्या हातांनीच मॅनेजरच्या खोलीत गेले. "मला ती जागा हवी आहे," मी म्हटलं. "माझं उत्तर हो आहे."

मॅनेजर गोंधळले. "पण ताई, दादा सोमवारीच सांगून गेले, तुम्ही नाही म्हणालात म्हणून. आम्ही दुसऱ्या चित्रकाराला पत्र पाठवलं. आज त्यांचा होकारही आला."

"मी नाही म्हटलेलं नाही."

"काहीतरी गैरसमज झाला असेल." ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले. "दादा म्हणाले, नवीन माणसाला हाताशी धरून सगळं दाखवायला बहीण आहेच."

पंचवीस वर्षांपूर्वीची मी असते तर हो, गैरसमजच असेल, असं म्हणून बाहेर पडले असते. "गैरसमज नाही," मी म्हटलं. "तो खोटं बोलला." त्यांनी मान हलवली, पण लेखी दिलेलं परत घेता येत नाही म्हणाले. चांगला माणूस आहे, त्याचा यात काही दोष नाही.

परत आले तेव्हा दादा रंगखोलीत होता. स्टोव्हवर रंगात घालायचा सरस वितळत ठेवला होता आणि तो ढवळायचं सोडून दादा पडद्यावरच्या दोरीकडे बघत होता. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"पान कुठे आहे?" मी विचारलं.

"घरी. माझ्या कागदपत्रांत."

"का रे?"

 तो खाली बघतच बोलला. "तुझी रेघ माझ्यापेक्षा चांगली होती. बाबा हे माझ्या तोंडावर म्हणायचे. वाटलं, एवढं एक तरी माझ्याकडे असावं. वर्षभरानं सांगेन म्हटलं होतं. मग ते अंगण झालं, आणि त्यानंतर सांगायला तोंडच राहिलं नाही."

"ते तरुणपणी होतं. सोमवारी काय होतं? तू तर जाणारच होतास."

सरसाला करपल्याचा वास येऊ लागला. त्यानं स्टोव्ह बंद केला, हात पुसले, पुन्हा पुसले. "तू त्या जागेवर बसली असतीस तर पहिल्याच पडद्याला आखणी कशी करायची हे बाहेर कुणालातरी विचारलं असतंस, आणि त्यानं तुला ही रीत दाखवली असती," तो म्हणाला. "मग तुला सगळं कळलं असतं." आपली बाजू लावून धरायची म्हणून तो पुढे म्हणाला, "आणि तू नाहीच म्हणणार होतीस ना? खरं सांग."

"हो," मी म्हटलं. "नाहीच म्हणणार होते. सोमवारी मला विचारून गेला असतास, तरी मी नाहीच म्हटलं असतं. आणि वर तुझे आभार मानले असते."