जावयाच्या गाडीचा बोल्ट

पाना एकाएकी सैल पडला आणि शंकरप्पांचं मनगट गाडीच्या पत्र्यावर आपटलं. ब्रेकच्या बोल्टचं डोकं फरशीवर पडलं आणि घरंगळत गाडीखाली गेलं. उरलेला बोल्ट आतच अडकून बसला होता. शंकरप्पा उताणे तसेच पडून राहिले.

गाडी जावयाची होती. धोंड्याचा महिना, म्हणून विरेश आणि लेक सिद्धेश्वरी सकाळीच लातूरहून कुंभारीला जेवायला आले होते. दारात थांबताना गाडीचे ब्रेक किंचाळले आणि शंकरप्पांच्या अंगात सासरा संचारला. घरात फिटर असताना जावयानं गॅरेजची पायरी चढायची? त्यांनी नवे ब्रेकपॅड आणवले आणि चाक उतरवलं. चिंचोळी एमआयडीसीत त्यांची उभी हयात पाना धरण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी गल्लीत काहीही अडलं की लोक त्यांच्याच दारात येत. म्हाताऱ्याजवळ मिरवायला तेवढंच होतं आणि तो ते मनसोक्त मिरवत होता.

"काय झालं मामा?" विरेश वाकून म्हणाला.

"तुटला."

"गंजला असेल."

शंकरप्पांनी मान वळवून तुटलेल्या टोकाकडे पाहिलं. बोल्ट गंजलेला नव्हता. उताण्यानं, मागच्या अंगाला हात घालून, त्यांनी तो उलट्या बाजूला फिरवला होता. सुटेना म्हणून पान्याला पाइप लावून आणखी जोर केला होता. सुटणार कसा? ते तो आवळतच होते. शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला कारखान्याबाहेर काढलं असतं.

संध्याकाळी लातूर गाठायचं होतं आणि असा ब्रेक घेऊन गाडी हलवणं शक्य नव्हतं. वेल्डिंग मशीन असलेल्या बडेसाब मेस्त्रीला बोलावणं गेलं.

बडेसाबचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी दिसला, तसा विरेश चाकाजवळ उकिडवा बसला. काळ्या ग्रीसवर त्यानं दोन्ही तळवे दाबले आणि नव्या सदऱ्याच्या बाह्या सावरत उभा राहिला. त्याचा बेत शंकरप्पांच्या ध्यानात आला. 'अहो, हे काय' म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण टेम्पोमागोमाग शेजारचा धुळाप्पा आला, आणखी चार माणसं आली, आणि शंकरप्पांनी तोंड मिटून घेतलं.

"कुणी तोडला ह्यो?" बडेसाबनं विचारलं.

"मी," विरेश म्हणाला. "मामा आत गेले होते. म्हटलं, आपणच बघावं."

बडेसाबनं तुकड्यावर बॅटरी मारली, तुटलेलं डोकं हातात घेऊन पाहिलं आणि खो खो हसला.

"साहेब, सोडायचा सोडून आवळलाय की! मोबाइलवर बघून केलं व्हय? शंकराण्णा, जावई लई शिकलेला बघितला तुमी, पर डावं-उजवं शिकवायचं ऱ्हायलं!"

सगळे हसले. विरेशही हसला. आणि शंकरप्पाही हसले. थोडंसंच, पण हसले. त्या हसण्याची त्यांना लगेच इतकी लाज वाटली, की ते टेम्पोच्या आडोशाला जाऊन उभे राहिले.

बडेसाबनं अडकलेल्या तुकड्यावर एक नट टेकवून वेल्ड मारला. तो निवेपर्यंत तोंडाला विश्रांती नव्हती. "जावईबापू, पुढच्या टायमाला हातावर बाण काढून आणा." आज ज्याला पाटावर बसवून ओवाळायचं, तो माणूस ग्रीसचे हात लांब धरून हसतमुखानं सगळं ऐकून घेत होता. शंकरप्पांना राहवेना.

"बडे, बास कर. बोल्ट मी तोडलाय."

 धुळाप्पा म्हणाला, "घ्या! जावयाला वाचवाय निघाला म्हातारा."

"खोटं न्हाय बोलत. उलटा मीच फिरवला."

"तुमी उलटा फिरवणार?" बडेसाब म्हणाला. "मग आमी पाने इकून भजी तळावी की! सासरा असावा तर असा, बगा."

शंकरप्पा पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि लोक पुन्हा पुन्हा कौतुक करत राहिले. शेवटी शंकरप्पांनी नाद सोडला. बडेसाबनं नटाला पाना लावून हलक्या हातानं तुकडा बाहेर काढला. नवा बोल्ट बसला.

जेवताना सिद्धेश्वरी नवऱ्यावर रुसली. "आधी बाबांना विचारायचं ना."

"चुकलं," विरेश म्हणाला.

गिरिजाबाईंनी धोंड्यांवर तूप वाढता वाढता नवऱ्याच्या कानाशी म्हटलं, "चारचौघांत जावयाची चूक अंगावर घेतलीत, बरं केलंत." शंकरप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

संध्याकाळी निघताना विरेश पाया पडला आणि हळूच म्हणाला, "मामा, मागचे ब्रेकही बघायचे आहेत. पुढच्या खेपेला तुम्हीच बघा." तो मनापासून बोलत होता, आणि शंकरप्पांना तेच लागलं.

"नको," ते म्हणाले. "बडेसाबकडंच टाका. माझ्या हाताला आता बाजू कळत न्हाय."

हे वाक्य त्यांनी कधी गिरिजाबाईंपुढंही उच्चारलं नव्हतं. दिवसभर गल्लीनं त्यांना खोटं पाडलं होतं. आणखी एकदा पाडलं असतं तर चाललं असतं. 'काहीतरीच काय मामा' एवढंच विरेशनं म्हणायचं होतं. त्यांनी गाडीचं दार धरून वाट पाहिली.

"बरं," विरेश म्हणाला, आणि दार हळूच ओढून घेतलं.