सहा पॉइंट आठ

"भाऊ, माह्यं रक्त आईले चढवलं होतं ना?"

शालिकराम भोयरचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. रामदासपेठेतल्या इस्पितळासमोरच्या टपरीवर दुपारची गर्दी होती, आणि तेवढ्या गर्दीतून धम्मानंदने त्याला नेमकं ओळखून काढलं होतं. धम्मानंद खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काम करायचा. त्याची आई अंजनाबाई हृदयाच्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी गेली, त्याला आज बारा दिवस झाले होते. तिचे राहिलेले कागद न्यायला तो आला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने खाली रक्तपेढीत एक पिशवी रक्त दिलं होतं. सगळ्याच नातेवाइकांकडून ते घेतात. ते तिथे जमा होतं आणि ज्याच्या गटाला जुळेल, ज्याला लागेल, त्याला जातं. पण हे कोण समजावून सांगत बसतो? जो तो धरून चालतो, की आपलं रक्त आपल्याच माणसाच्या अंगात गेलं.

"आई तं गेली," धम्मानंद म्हणाला, "पण जाताना माह्यं रक्त तिच्या आंगात होतं. तेवढंच समाधान आहे मनाले."

"हो गा," शालिकराम म्हणाला. "चढवलं होतं."

धम्मानंदने हात जोडले आणि तो गेला. शालिकरामचा चहा तसाच राहिला. अंजनाबाईला त्या पाच दिवसांत रक्ताचा एक थेंबही चढवलेला नव्हता, आणि चढवायची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला होता तो शालिकरामनेच.

सव्वीस वर्षं तो हार्ट-लंग मशीन चालवत होता. सर्जन हृदय थांबवून काम करतात तेवढा वेळ माणसाचं रक्त नळ्यांतून त्याच्या मशीनमध्ये येतं, प्राणवायू घेतं आणि परत जातं. दोन-दोन तास माणसाचा जीव याच्या हातात, पण पेशंटला त्याचं नावसुद्धा ठाऊक नसतं, आणि पेढे जातात सर्जनकडे. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याला वेड एकच, रक्त वाचवण्याचं. ऑपरेशन आटोपलं की तो नळ्यांत सलाईन सोडायचा आणि बोटाने टिचक्या मारत उरलंसुरलं रक्त पेशंटकडे परत पाठवायचा. नळी आधी गुलाबी आणि मग पांढरी झाल्याशिवाय हा जागचा हलणार नाही. थिएटरमधल्या सिस्टर त्याला चिकट शालिक म्हणून चिडवायच्या. त्याची थोरली बहीण गोपिका तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणात गेली, ती एका पिशवीवाचून, हे त्याने त्यांना कधी सांगितलं नाही. तेव्हापासून रक्त वाया गेलेलं त्याला बघवत नसे.

म्हणूनच सर्जन डॉक्टर नंदिनींनी ऑपरेशनमध्ये कमीत कमी रक्त वापरण्याचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नियम साधा होता. मशीनवर हिमोग्लोबिन तपासत राहायचं. सात किंवा वर असेल तर रक्त द्यायचं नाही, आणि सातच्या खाली गेलं की लगेच पिशवी लावायची. छापून येणाऱ्या लेखात त्याचं नाव असणार होतं. बायकोने, कामिनीने, ते सक्करदऱ्याच्या अर्ध्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं. अभ्यासात सामील होण्याचा फॉर्म पेशंटला समजावून सांगायचं कामही त्याच्याकडेच आलं. अंजनाबाईने अंगठा उठवण्याआधी विचारलं होतं, लागलं तर देसान ना? लागलं तर लगेच देऊ, असं हा म्हणाला होता. धम्मानंद तेव्हा शेजारीच बसला होता.

मशीनवर अंजनाबाईचा आकडा सहा पॉइंट आठ आला. शालिकरामने पिशवी मागवली नाही आणि मॅडमना सांगितलंही नाही. मशीनच्या गाळणीतून रक्तातलं जादा पाणी काढलं की रक्त घट्ट होतं आणि आकडा वर येतो. त्यात त्याचा हातखंडा होता. वीस मिनिटांनी सात पॉइंट एक आला. तोच त्याने नोंदीच्या फॉर्मवर लिहिला, आणि मशीनमधून छापून आलेली सहा पॉइंट आठची चिठ्ठी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी अंजनाबाईची लघवी बंद झाली. मग डायलिसिस झालं, मग तेही पुरेना. त्या वीस मिनिटांनीच मूत्रपिंडांचा घात केला असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. वय होतं, साखर होती. शालिकराम रोज स्वतःची हीच समजूत घालत होता, आणि ती चिठ्ठी मात्र पाकिटात जपून ठेवत होता.

आता पायऱ्या चढून तो डॉक्टर नंदिनींच्या खोलीत गेला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मशीनच्या कागदावरची शाई टिकत नाही, आकडा आताच पुसट झाला होता.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत, शालिकभाऊ?"

"वाटलं, आकडा येईन वर. आला बी."

त्यांनी चिठ्ठी परत टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, की हे अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल, तोवर अभ्यास थांबेल. त्याचं नाव लेखात राहणार नाही आणि कामाचंही काही सांगता येत नाही. अंजनाबाईच्या घरच्यांना इस्पितळाकडून पत्र जाईल.

"पत्र जाईन तवा जाईन," शालिकराम म्हणाला. "मी तोंडानं खोटं बोललो मॅडम. तोंडानंच सांगतो."

त्याने नोंदीचा फॉर्म मागून घेतला. सात पॉइंट एकच्या आधी सहा पॉइंट आठ लिहिलं, वेळ घातली, सही केली. मग चिठ्ठीवरचा पुसट आकडा पेनाने गिरवला.

रविवारी सकाळी तो खापरखेड्याला गेला. कॉलनीतल्या खोलीत खिडकीच्या कठड्यावर वीज केंद्राच्या राखेचा थर होता. बुद्धाच्या तसबिरीशेजारी अंजनाबाईचा नवा फोटो लावला होता. धम्मानंदची बायको प्रीती पाणी घेऊन आली. शालिकरामने पेला घेऊन तसाच खाली ठेवला.

"तुह्यं रक्त तुह्या आईले चढवलं नव्हतं," तो म्हणाला. "कोणाचंच नव्हतं चढवलं. द्याची वेळ आली होती. मीच थांबलो."

धम्मानंद पुढे सरकला.

"काहून?"

वाटेत त्याने पुष्कळ जुळवून आणलं होतं, गोपिकाचं, नळ्यांचं, सव्वीस वर्षांचं. त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही.

"मले वाटलं, वाचते रक्त."

प्रीती दारातच उभी राहिली. धम्मानंद ओरडला नाही, चालते व्हा म्हणाला नाही. शालिकरामला वाटलं, याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग माह्यं कोणाले गेलं?" धम्मानंदने विचारलं.

"नाव नाही मालूम. ज्याले लागलं त्याले गेलं असन. फेकत नाहीत."

"वाचला का तो?"

शालिकरामला तेही ठाऊक नव्हतं. त्याने मान हलवली.

धम्मानंदने डाव्या हाताच्या कोपरात अंगठा दाबला. सुईची खूण तिथे आता उरली नव्हती. रक्त देऊन झाल्यावर सिस्टरने सांगितलं होतं तसा हात दुमडून, मूठ आवळून, तो आईच्या फोटोखाली बसून राहिला.